"परत बोल ना!" म्हणू नका | सुट्टीतली मुलांची बडबड टिपायची कशी?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत मी सहज सांगून गेले की भाचीनं विमानात ढग बघून "खिडकी उघडा, त्याला आत घ्या" असं फर्मान सोडलं. झालं, कमेंटमध्ये पूर. प्रत्येकाच्या घरी एक नमुना आहेच म्हणा! आणि प्रश्न सगळ्यांचा एकच: "ताई, घरी परत येईपर्यंत अर्धं विसरतो, लक्षात कसं ठेवायचं?"

सोपं आधी उरकते. वही किंवा मोबाइल, त्यात तारीख, जागा आणि मुलाचं वय. वय महिन्यांसकट लिहा, कारण तीन वर्षांचं आणि पावणेचार वर्षांचं मूल यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. बस, एवढंच.

आता माझं दुखणं. मूल काहीतरी भन्नाट बोलतं आणि आपण लगेच, "अगं परत बोल! आजीला सांग काय म्हणालीस!" संपलं. आता ती बोलत नाही, नाटक करते. मघाशी तिला खरंच प्रश्न पडला होता, आता तिला टाळ्या हव्यात. आणि तेच वाक्य पुढे सुट्टीभर ऐकायला तयार राहा!

"म्हणून आम्ही सरळ शूटिंग करतो," असं एका दादांनी लिहिलंय. दादा, फोन वर गेला की मूल तोंड वेडंवाकडं करतं, तुम्हालाही माहितीये. फोन खिशात ठेवा. ऐका. ते खेळायला पळालं की लिहा. आणि त्याच्या आधी तुम्ही काय म्हणालात, समोर काय होतं, तेही लिहा. "रात्री हा नळ कोण बंद करतं?" यात काय गंमत आहे? काहीच नाही. पण पोरगा धबधब्यासमोर उभा होता!

या धबधब्याच्या नळामागे एक जुनी ओळखीची गोष्ट आहे. जाँ पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञानं १९२०च्या दशकात मुलांना असलेच प्रश्न विचारले. सूर्य कुठून आला, तलाव कसा झाला. लहान मुलांना वाटतं, हे सगळं कुणीतरी माणसानं केलंय. आणि चंद्र? तो आपल्यामागे येतो! रात्रीच्या प्रवासात हे तुम्ही ऐकलं असेलच. चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटर लांब. झाडं मागे पळतात, तो खिडकीतून हलत नाही. मग "तो आपल्यासोबत येतोय" हे काय चूक आहे? डोळ्यांना दिसतंय तेच पोरगं सांगतंय. म्हणून "परत बोल"च्या ऐवजी विचारा, "का येत असेल गं?" भाचीचं उत्तर होतं, "त्याला आपलं हॉटेल माहीत नाही ना." आता सांगा, हे वाक्य "परत बोल" म्हणून मिळालं असतं?

आणि लिहिताना, हात जोडते, व्याकरण सुधारू नका! "मी किल्ला करला" म्हणालं, तर "करला"च लिहा. आमच्या फॅमिली ग्रुपवर एक काका आहेत, प्रत्येक किश्श्याखाली दुरुस्ती टाकतात. काका, प्रेमानं सांगते, थांबा. मूल बसला, पडला, चढला ऐकून त्याच चालीवर स्वतः "करला" बनवतं. १९५८ साली जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेनं मुलांना एका कल्पित प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याला नवंच नाव दिलं आणि दोन असतील तर काय म्हणाल, असं विचारलं. कधी न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन बहुतेक मुलांनी बरोबर केलं. पाठ केलेलं नव्हतंच काही! तर "करला"मध्ये नियम आहे, फक्त मराठीनं तिथे तो मोडलाय.

जाता जाता, "पोचलो का?" वाल्यांसाठी. "अजून एक तास" सांगू नका, लहान मुलाला तास कळत नाही. "एक बोगदा, मग पूल, मग पोचलो" असं सांगा. मात्र नीट मोजून! मी एकदा असंच सांगितलं, आणि वाटेत एक जास्तीचा बोगदा लागल्यावर मागून आवाज आला, "मावशी, हा कुणाचाय?"

तुमच्याकडचे किस्से खाली लिहा. मुलाचं नाव नको, वय आणि वाक्य पुरे. आणि काका, तुम्ही बघत असाल तर... करला!