काळ्या मातीला भेगा का पडतात? आठवणीतल्या गावाचं मिक्स मीडिया चित्र

नमस्कार मंडळी. कमेंटमध्ये एकच प्रश्न परत परत येतोय: "पंचगंगाकाठची काळी माती बोर्डावर लावली, दुसऱ्या दिवशी भेगा. काय करू?" आज त्यावरच बोलू. चित्र मिक्स मीडियाचं, म्हणजे रंग, माती, फोटो असं सगळं एकाच बोर्डावर.

आधीचं पटकन उरकतो. 6 मिमीचा एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबीव बोर्ड), 12 बाय 16 इंच, दोन्ही बाजूंना जेसोचे (रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन-दोन हात. मागची बाजू कोरी ठेवलीत तर बोर्ड वाकणार. कॅनव्हास नको, तो हलतो आणि माती सुटते. फोटो समोर न ठेवता पेन्सिलनं आराखडा काढा. जे आठवत नाही ती जागा मोकळी सोडा, ती भरायची घाई नको.

आता भेगा. काळ्या मातीत चिकण भाग जास्त असतो. तो पाणी पिऊन फुगतो आणि सुकताना आक्रसतो. उन्हाळ्यात उसाच्या रानात भेगा पडतात, तेच तुमच्या बोर्डावर होतं. पन्हाळ्याची तांबडी माती एवढी आक्रसत नाही, म्हणून तिथं कुणाची तक्रार नसते.

बरेच जण सांगतात, "फेव्हिकॉल वाढवा." कृपा करून नको! गोंदातलंही पाणी उडतं, तोही आक्रसतो आणि मातीला ओढतो. भेगा बंद करायला गोंद नाही, वाळू लागते. वाळूचा कण आक्रसत नाही, तो मातीला जागेवर धरतो. माप असं: मैद्याच्या चाळणीनं चाळलेली कोरडी काळी माती 2 चमचे, बारीक वाळू 2 चमचे, अ‍ॅक्रिलिक मॅट मीडियम (अ‍ॅक्रिलिक रंगात मिसळायचं बिनचकाकीचं घट्ट द्रावण) 2 चमचे. पाणी जवळजवळ नाहीच. वाळूऐवजी रांगोळीही चालते, पण काळा रंग राखाडी होतो. आणि माती नितळवू नका, म्हणजे पाण्यात ढवळून वरचं गढूळ तेवढं काढून घेऊ नका. पातळ रंग करायला ते ठीक, इथं मात्र नुसता चिकण भाग उरतो आणि भेगा वाढतात.

वाळू घालूनही भेगा पडतात म्हणणारे थर जाड देतात. एक थर 1 मिमी, मग दिवसभर थांबा. ऊन नको, हेअर ड्रायर तर नकोच: वर साय धरते, खालचा ओला भाग नंतर आक्रसतो आणि वरचं फाडतो. हाताची मागची बाजू लावून बघा. गार लागलं म्हणजे आत ओल आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात दोन दिवस धरा.

हा जाड थर फक्त पुढच्या भागात द्या. लांबचा जोतिबाचा डोंगर मातीनं उठवलात की तो अंगावर येतो. कोल्हापुरात राजारामपुरीत चित्रकार आणि अभिनेते चंद्रकांत मांडरे यांच्या संग्रहालयात त्यांची पावडर शेडिंगची चित्रं बघा, कोरड्या भुकटीत अंतर कसं साधलंय ते कळेल.

घरचा जुना फोटो चित्रात घ्यायचाय? मूळ फोटो चिकटवू नका. लेझर प्रिंट काढा. इंकजेटची शाई पसरते. प्रिंट आरशातल्यासारखी उलटी घ्या, नाहीतर दुकानाची पाटी उलटी उमटेल. गुळगुळीत भागावर मीडियमचा एकसारखा हात, त्यावर प्रिंट पालथी, जुन्या एटीएम कार्डानं हवा काढा. रात्रभर सुकू द्या. मग ओल्या स्पंजनं कागद भिजवून बोटानं हळूहळू चोळा. सुकल्यावर पांढुरकी झाक दिसली तर कागदाचे तंतू उरलेत. परत भिजवा, परत चोळा. शेवटी मीडियमचा पातळ हात.

फ्रेम करताना काच मातीला टेकू देऊ नका, मध्ये 5 मिमीची पट्टी घालायला सांगा.