मालिका नवी, धून तीच

नमस्कार श्रोतेहो. आवडती जुनी मालिका नव्यानं येणार अशी बातमी कळली की चाहत्याला आनंद होतो आणि त्याच क्षणी पोटात गोळाही येतो. नवे कलाकार, नवे लेखक, नवं नेपथ्य. आपण जिच्यावर इतका जीव लावला, तिचं आता काय करून ठेवतील? आज मी अशा एका मालिकेबद्दल बोलणार आहे जिच्या बाबतीत ही धास्ती खोटी ठरली. ती मालिका म्हणजे बीबीसीची विज्ञानकथा मालिका, 'डॉक्टर हू'.

जुनी ओळख थोडक्यात करून देते. पहिला भाग दाखवला गेला २३ नोव्हेंबर १९६३ ला, शनिवारी संध्याकाळी. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. त्या धक्क्यात पहिला भाग अनेकांचा हुकला, म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी तो पुन्हा दाखवला. निर्माती होती व्हेरिटी लँबर्ट, जेमतेम सत्तावीस वर्षांची. आणि त्या पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा. हे नाव आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कथेचा नायक परग्रहावरचा प्रवासी, नाव फक्त 'डॉक्टर'. त्याचं यान बाहेरून पोलिसांच्या निळ्या टेलिफोन खोक्याएवढं, म्हणजे माणूस आत उभा राहील एवढं, आत मात्र प्रचंड. ते काळातही फिरतं आणि अवकाशातही. १९६६ मध्ये मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना, तेव्हा लेखकांनी तोडगा काढला: डॉक्टर मरत नाही, त्याचा देह बदलतो. पॅट्रिक ट्राउटन आले आणि मालिका पुढं चालू राहिली. अशी ती १९८९ पर्यंत चालली, मग थांबली. मध्ये १९९६ चा एक दूरचित्रपट सोडला तर शांतता. आणि २६ मार्च २००५ ला ती परतली. सूत्रधार लेखक रसेल टी. डेव्हिस, निर्मिती वेल्समधल्या कार्डिफची, डॉक्टर नववा, नट ख्रिस्तोफर एक्लस्टन. नववा, हे महत्त्वाचं. आधीचे आठ पुसले नाहीत. गोष्ट पुढं सुरू केली.

माझं म्हणणं एवढंच आहे: चेहरे बदला, कपडे बदला, खर्च वाढवा, पण आवाज जपा. 'डॉक्टर हू'वाल्यांनी आवाज जपला. आणि तो आवाज कुठून आला, ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

तर, वर्ष १९६३. शीर्षक संगीताचं काम रॉन ग्रेनर या संगीतकाराकडं होतं. त्यांनी एका कागदावर स्वर लिहिले आणि जिथं वाद्यांची नावं असायची तिथं लिहिलं 'ढग', 'वाऱ्याचे बुडबुडे'. बुडबुडे! हा कागद पोचला लंडनमधल्या मेडा व्हेल इथं, बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये, म्हणजे कार्यक्रमांसाठी नवेनवे आवाज तयार करणाऱ्या विभागात. तिथं तो पडला डेलिया डर्बीशर हिच्या हातात. वय सव्वीस. केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत असे दोन्ही विषय शिकलेली. लहानपण कॉव्हेंट्रीचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मन बाँबनी भाजून काढलेल्या शहराचं. हवाई हल्ल्याचे भोंगे ऐकत ती वाढली, आणि पुढं तिनंच सांगितलं की विचित्र, अमूर्त आवाजांचं तिचं वेड त्या भोंग्यांपासून सुरू झालं.

आता तिच्यापाशी काय होतं ते ऐका. सिंथेसायझर नव्हता. संगणक नव्हता. होती टेप, ब्लेड आणि चिकटपट्टी. तिनं एक तार छेडली आणि तो एकच 'टण्‌' टेपवर घेतला. तुम्हाला ठाऊकच आहे, टेप जोरात फिरवली की आवाज पातळ होतो, हळू फिरवली की जाड. त्या एका 'टण्‌'पासून तिनं खर्जातला एकेक सूर तयार केला. प्रत्येक सुराची टेप वेगळी कापली. सूर किती वेळ वाजणार हे तुकड्याच्या लांबीवर ठरायचं, म्हणजे ताल मोजायचा तो पट्टीनं. मग ते तुकडे माळेत मणी ओवावेत तसे एकापुढं एक जोडले. 'डुंडुडुम्‌, डुंडुडुम्‌' अशी जी धडधड आपण ऐकतो ना, तिच्यात एकही माणूस वाद्य वाजवत बसलेला नाही. कापलेल्या टेपचे तुकडे आहेत ते.

वरची सुरावट, ती 'ऊऽऽ ईऽऽ ऊऽऽ' करत जाणारी, कुठून आली? यंत्रं तपासायला ठेवलेल्या ऑसिलेटरमधून, म्हणजे विजेवर एक सलग सूर काढणाऱ्या उपकरणातून. बटण हातानं फिरवत सूर वर चढवायचा, खाली आणायचा. आणि ढग, बुडबुडे? रेडिओची सुई दोन केंद्रांच्या मध्ये अडकली की जी खरखर येते, तसा आवाज गाळून गाळून काढलेला. म्हणजे खर्ज एका टेपवर, सुरावट दुसरीवर, ढग आणखी एकीवर. सगळं एकत्र करायला आजच्यासारखी सोय नव्हती. सगळी मशिनं एकदम सुरू करायची आणि ती जुळून चालतील अशी आशा धरायची.

आणि ती जुळेनात! कुठंतरी एक सूर चुकत होता. कुठला, ते कानाला सापडेना. तेव्हा डेलिया आणि तिचा सहायक डिक मिल्स यांनी काय केलं? टेपची रिळं घेऊन ते बाहेर आले, मेडा व्हेलच्या लांबलचक व्हरांड्यात, आणि त्या टेप जमिनीवर शेजारी शेजारी उलगडत नेल्या. मग वाकून एकेक सांधा बघत निघाले. या टेपचा सांधा त्या टेपच्या सांध्यासमोर आहे ना? आहे. पुढचा? आहे. पुढचा? आणि एका ठिकाणी सांधा सरकलेला दिसला. सापडली चूक! कानांनी हात टेकले तिथं डोळ्यांनी सूर शोधला. मी संगीताबद्दल खूप वाचते, पण व्हरांड्यात टेप अंथरून सूर शोधणारी माणसं मला दुसरीकडं कुठं भेटलेली नाहीत.

ग्रेनर यांनी तयार धून ऐकली आणि थक्क होऊन विचारलं, "हे मी लिहिलं?" डेलिया म्हणाली, "बरंचसं." ग्रेनर दिलदार माणूस. संगीतकार म्हणून तिचंही नाव लागावं म्हणून त्यांनी प्रयत्न केला. पण वर्कशॉपमधल्या माणसांची नावं द्यायची नाहीत असा बीबीसीचा शिरस्ता. झळकलं ते फक्त विभागाचं नाव. डेलिया २००१ मध्ये गेली. मालिका परत आलेली तिनं पाहिली नाही. पडद्यावर तिचं नाव आलं ते २०१३ मध्ये, पन्नाशीच्या विशेष भागात. पन्नास वर्षांनी, श्रोतेहो. पन्नास वर्षांनी!

म्हणूनच शीर्षक गीत वगळायचं जे बटण हल्ली पडद्यावर येतं, त्याचा मला राग आहे. शेवटची नामावली सुरू होते न होते तोच पुढचा भाग लावून देतात, त्याचाही. ज्यांनी काम केलं त्यांची नावं वाचायला अर्धं मिनिट थांबणं हे प्रेक्षकाचं कर्तव्य आहे, असं माझं ठाम मत आहे.

तर २००५. नवे संगीतकार मरी गोल्ड. वाटेल ते करायची मुभा. त्यांनी व्हायोलिनचे, पितळी वाद्यांचे सूर आणले, पण त्यात डेलियाच्या १९६३ च्या ध्वनिमुद्रणाचे तुकडे वापरले. तिनं कापून जोडलेले सूर नव्या शतकात पुन्हा वाजले. यानाचा तो घरघरता, धापा टाकल्यासारखा आवाजही ठेवला. तो ब्रायन हॉजसन यांचा. पियानोच्या खर्जाच्या तारेवर किल्ली घासून तो काढलेला, आणि ती किल्ली त्यांच्या आईच्या घराची! चेहरे नवे, आवाज तोच. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार.

कथेतही असंच शहाणपण दिसतं. मालिका इतकी वर्षं बंद होती, त्या रिकाम्या जागेचं करायचं काय? डेव्हिस यांनी तिथं एक युद्ध घातलं. मधल्या काळात एक महायुद्ध झालं, डॉक्टरचा ग्रह गेला, त्याची माणसं गेली, आता तो एकटा उरलाय. नव्या प्रेक्षकाला जुनं काही माहीत नसलं तरी चालतं, कारण डॉक्टरलाच मागचं बोलवत नाही.

आणि २००६ मधली सारा जेन! एलिझाबेथ स्लेडन यांची ही पत्रकार सत्तरच्या दशकात डॉक्टरबरोबर फिरायची. १९७६ मध्ये त्यानं तिला पृथ्वीवर सोडलं आणि तो निघून गेला. तीस वर्षांनी एका शाळेत रात्रीच्या अंधारात ती दार उघडते, तर समोर निळं खोकं. ती धावत जाऊन त्याला मिठी मारत नाही. मागं सरते. एकेक पाऊल मागं. वळते, तर डॉक्टर उभा, चेहरा परका, एक्लस्टननंतर आलेला नट डेव्हिड टेनंट याचा. ती म्हणते, मला वाटलं तू मेलास, मी तुझी वाट बघत होते. जुन्या मालिकेत सोबती निघून जायचे आणि आपण पुढच्या कथेकडं वळायचो. मागं राहिलेल्यांचं काय झालं, हे नव्या मालिकेनं विचारलं. तेही त्याच अभिनेत्रीला, तिच्या वाढलेल्या वयासकट, परत बोलावून.

ज्यांनी काहीच पाहिलेलं नाही त्यांनी २००५ च्या 'रोझ' या भागापासून सुरुवात करा. मग त्याच वर्षीचा 'डॅलेक', मग २००६ चा 'स्कूल रीयुनियन'. एवढं झालं की १९६३ च्या पहिल्या भागाकडं या. कृष्णधवल आहे, संथ आहे, तरी आवाज मोठा ठेवून बघा. नमस्कार.