थांबता येणारी सुई

श्रोतेहो, नमस्कार.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया आता घरोघरी माहीत आहे. पित्ताशयातले खडे असोत, अपेंडिक्स असो की अंडाशयातली गाठ, पोटावर दोन-चार बारीक खुणा घेऊन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी परतलेले कोणी ना कोणी आपल्या नात्यागोत्यात असतेच. म्हणून या शस्त्रक्रियेचे फायदे सांगण्यात मी आपला वेळ घेणार नाही. मला बोलायचे आहे ते तिच्या पहिल्या दोन मिनिटांविषयी, म्हणजे बंद पोटात पहिले उपकरण कसे शिरते याविषयी.

हा प्रवेश अवघड का असतो, ते आधी पाहू. आपण निजलेले असताना पोटाची भिंत आतड्यांना टेकलेली असते आणि पाठीच्या कण्यावरून शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी खाली उतरत असते. सडपातळ माणसात ती बेंबीपासून अवघ्या काही सेंटिमीटरवर असते. दुर्बीण आत जाईपर्यंत सर्जनला आतले काहीच दिसत नाही. या शस्त्रक्रियेतील गंभीर इजांचा मोठा वाटा त्यामुळे प्रवेशाच्या वेळीच घडतो. म्हणजे पहिल्या उपकरणाला कापता तर आलेच पाहिजे. पण कापून झाल्याक्षणी थांबताही आले पाहिजे. हे मी पुन्हा सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट याच्यावरच उभी आहे: कापता आले पाहिजे आणि थांबताही आले पाहिजे.

अशी सुई प्रथम तयार झाली ती पोटासाठी नव्हे, छातीसाठी. आणि तीही एका आजारासाठी, जो आपल्याकडच्या कुटुंबांना फार जवळून माहीत आहे. तो आजार म्हणजे क्षय.

पश्चिम हंगेरीत कापुवार नावाचे एक छोटे गाव आहे. १९३०च्या दशकात तेथील रुग्णालयात यानोश वेरेश नावाचे डॉक्टर काम करीत होते. त्या काळी क्षयाच्या जंतूंवर औषध नव्हते. विश्रांती, मोकळी हवा, पौष्टिक आहार आणि जोडीला एक कठोर उपचार, एवढेच वैद्यांच्या हाती होते. तो उपचार असा, की फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामधल्या जागेत सुईने हवा भरायची, म्हणजे आजारी फुप्फुस दबून राहते, त्याला विश्रांती मिळते आणि त्यातल्या जखमा भरून येण्याची आशा धरता येते. पण भरलेली हवा हळूहळू शोषली जात असल्यामुळे ती पुनःपुन्हा भरावी लागे, आणि कित्येक रुग्णांना हा उपचार वर्षानुवर्षे घ्यावा लागे. प्रत्येक वेळी तीच अणकुचीदार सुई, आणि प्रत्येक वेळी तीच भीती, की बरगड्यांमधून आत शिरलेले टोक केसभर पुढे गेले तर ज्या फुप्फुसाला वाचवायचे त्यालाच भोक पडायचे.

(येथे थोडे विषयाबाहेर जाऊन बोलतो. आज क्षयाच्या बहुतेक रुग्णांना सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरे होता येते, तरी दोन महिन्यांत खोकला थांबला म्हणून औषध सोडणारी माणसे मला भेटतात आणि फार वाईट वाटते. ज्यांना गोळी मिळालीच नाही त्या पिढीने काय सोसले, हे त्यांना कोणीतरी बसवून सांगायला हवे.)

वेरेश यांनी १९३२ साली एक दुहेरी सुई बनवली. बाहेरची सुई धारदार. तिच्या आत दुसरी, पोकळ नळी. तिचे टोक बोथट, बाजूला हवेसाठी एक छिद्र आणि मागे स्प्रिंग. सुई स्नायूवर किंवा घट्ट पडद्यावर दाबली की बोथट नळी मागे सरते, धार उघडी पडते आणि कापू लागते. पडदा ओलांडून टोक मोकळ्या जागेत आले, की समोरचा विरोध संपतो आणि स्प्रिंगच्या जोराने बोथट नळी झटकन धारेच्या पुढे येऊन उभी राहते. खटका दाबल्यावर बॉलपेनची रिफिल पुढे येते, तसेच. फरक इतकाच, की येथे खटका दाबणारे बोट नसते. समोर काही अडवणारे उरलेले नाही, एवढ्यावरच तो खटका सुटतो. थांबायचे केव्हा, हे शरीराच्या ऊतींनीच सुईला सांगायचे, अशी ही रचना आहे.

त्यांनी १९३८ साली एका जर्मन वैद्यकीय नियतकालिकात या सुईची माहिती प्रसिद्ध केली. पुढे १९४०च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आले, त्यामागोमाग आणखी औषधे आली आणि फुप्फुस दाबून ठेवण्याचा उपचार मागे पडत गेला. उपचार गेला तशी ती सुईही अडगळीत जायला हवी होती. परंतु पॅरिसमध्ये राउल पामर हे स्त्रीरोगतज्ज्ञ पोटात वायू भरून दुर्बिणीने आत पाहण्याचे काम करीत होते, आणि त्यांनी तीच सुई पोटासाठी हाती घेतली. पोटाच्या भिंतीलाही थर आहेत, आत मोकळी जागा आहे आणि त्या जागेपलीकडे नाजूक अवयव आहेत; छातीत हवे होते तेच येथेही हवे होते. आज जगभर, आणि आपल्या जिल्ह्याच्या गावांतल्या रुग्णालयांतही, पोटात कार्बन डायऑक्साइड भरण्यासाठी वेरेशची सुई वापरली जाते आणि तिची मूळ रचना तीच आहे. क्षयाच्या छातीसाठी घडलेल्या या सुईने पोट फुगवून सर्जन आज पोटातल्या क्षयाचेही निदान करतात, हे मला फार मोलाचे वाटते.

सुई आत जाताना शांत शस्त्रक्रियागृहात तिचा खटका ऐकू येतो. बेंबीपाशी बहुधा दोनदा, एकदा घट्ट पडद्यापाशी आणि एकदा आतल्या आवरणापाशी. मग सुईच्या तोंडाशी सलाइनचा थेंब ठेवतात आणि तो आपोआप आत ओढला जातो का ते पाहतात. नंतर वायू भरतात. त्याचा दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतका झाला, की भिंत अवयवांपासून उचलली जाते आणि ट्रोकार, म्हणजे दुर्बिणीचा व हत्यारांचा मार्ग होणारी नळी, बसवता येते. या नळ्याही लवचिक विचाराने बनतात. काहींची झडप ५ मिलिमीटरच्या हत्यारालाही घट्ट धरते आणि १२ मिलिमीटरच्या हत्यारालाही, त्यामुळे मध्येच हत्यार बदलले तरी वायू सुटत नाही. काहींचे टोक स्नायू कापण्याऐवजी बाजूला सारत जाते.

तरीही एकच वाट सर्वांना चालत नाही. ज्यांच्या पोटावर आधीची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांची आतडी बेंबीखाली चिकटलेली असू शकतात. अशांसाठी पामर यांनी डाव्या बरगड्यांच्या कडेखाली सुमारे ३ सेंटिमीटरवरची जागा सुचवली. शिकागोच्या हॅरिथ हॅसन यांनी १९७१ साली आणखी एक वाट दाखवली: लहानसा छेद घेऊन, डोळ्यांनी पाहत आत जायचे आणि बोथट टोकाची, शंकूच्या आकाराचे बूच असलेली नळी टाक्यांनी बांधून ठेवायची. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी ३१ मे १९९० रोजी भारतातील पहिली दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली, तेव्हा या साऱ्या वाटा वापरून पाहिलेल्या होत्या. जेथे वायूयंत्र किंवा पूर्ण भूल देणारे तज्ज्ञ मिळत नाहीत, तेथे पोटाची भिंत कडीने वर उचलून, वायू न भरता शस्त्रक्रिया करणारे सर्जनही आपल्या देशात आहेत. मोठ्या शहरातील महागड्या यंत्रमानवाइतकेच कौतुक मला त्या कडीचे वाटते, कारण ती रुग्णाच्या परिस्थितीशी जुळवून घेते.

शस्त्रक्रिया ठरली, की पोटावरच्या प्रत्येक जुन्या खुणेविषयी सर्जनला सांगा. सिझेरियन, अपेंडिक्स, हर्निया, लहानपणीचे काही असेल तर तेही. कागद सापडत नसले तरी तोंडी सांगा. ती खूण ऐकूनच सुई बेंबीतून घालायची, डाव्या बरगडीखालून घालायची की छेद घेऊन डोळ्यांनी पाहत जायचे, हे ठरते. आणि दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया मोठा छेद घेऊन पूर्ण करावी लागली, तर तिला फसलेली शस्त्रक्रिया म्हणू नका. आत चिकटलेले दिसल्यावर सर्जन वेळीच थांबला, असा त्याचा अर्थ असतो.


नमस्कार.