तुरीच्या डब्यातले पैसे

(कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका महिला मंडळाच्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात झालेलं भाषण, थोडं आटोपतं घेऊन.)

बायांनो, आधी एक खरं सांगते. माझ्या घरात चहाच्या गाळण्या नऊ आहेत आणि त्यातली एकही मी विकत आणलेली नाही. संक्रांत ते रथसप्तमी एवढ्या दिवसांत आपण एकमेकींना जे वाण लुटतो ना, त्यातून त्या घरात आल्यात. शिवाय प्लॅस्टिकचे डबे आहेत, ज्यांची झाकणं दुसऱ्याच डब्याला बसतात. मला बोलवायला आलेल्या वहिनी म्हणाल्या, "बचतीवर बोला." म्हटलं बोलते, पण यंदाचं वाण काय आहे ते आधी सांगा.

मी काही अर्थतज्ज्ञ नव्हे. एकोणीस वर्षं पिग्मी, म्हणजे रोजची थोडीथोडी बचत, दारोदार जाऊन गोळा केली. खांद्याला पिशवी, हातात ते बिलाचं मशीन, आणि सकाळी दहा ते दुपारी दोन या पेठांतल्या गल्ल्या. पिग्मी हा प्रकार आपल्याकडं इतका मुरलाय की तो इथलाच वाटतो, पण तो आला उडुपीहून. 1928 साली तिथल्या डॉ. टी. एम. ए. पैंच्या बँकेनं सुरू केला. रोज दोन आणे, आणि एजंट दारात यायचा. बँकेची पायरी चढायची भीती असलेल्या माणसासाठी बँकच त्याच्या पायरीवर. माझ्याकडं वीस रुपये रोज भरणाऱ्या बायका होत्या. वीस म्हणजे वर्षाचे सात हजार तीनशे. ऐकायला फार नाही, पण दिवाळीत ते हातात आले की त्या बाईचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

मी दारात उभी राहिले की बाई म्हणायची, "थांबा हं," आणि आत जायची. मग आतून आवाज यायचा. स्टीलच्या डब्याचं घट्ट झाकण निघताना एक 'टक्' होतो. पत्र्याचा डबा कुरकुरतो. एका घरातून नेहमी भांड्यांची उतरंड हलल्यासारखा आवाज यायचा, म्हणजे पैसे सगळ्यात खाली. सहा महिन्यांत मला आवाजावरून कळायला लागलं, कुणाचे पैसे तांदळात, कुणाचे तुरीत, कुणाचे देवघरातल्या आसनाखाली. मी कधी कुणाला सांगितलं नाही. आज सांगत्येय, कारण डबे बदलले असतील. नसतील तर आज घरी जाऊन बदला.

तर त्या तुरीच्या डब्याची गोष्ट. 8 नोव्हेंबर 2016, रात्री आठ. पाचशे आणि हजारच्या नोटा बंद. दुसऱ्या दिवशी बँका बंद होत्या, पण माझा फोन बंद व्हायला तयार नव्हता. तिसऱ्या दिवशी एका काकूंनी मला आत बोलावलं, दार लोटलं आणि चुलीपुढं बसून पाचशेच्या नोटा मोजायला दिल्या. त्रेचाळीस निघाल्या. साडेएकवीस हजार रुपये, आणि प्रत्येक नोटेला तुरीचा आणि हिंगाचा वास. मोजता मोजता काका आले. ते दारातच थबकले. म्हणाले, "माझ्यापासनं लपवून ठेवलीस?" काकू मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्यापासनं न्हाई वो. तुमच्या भावापासनं."

हसू नका, त्यात सगळं आलं. घरात पैसा दिसला की त्याला पाय फुटतात. दिराचं ट्रॅक्टरचं हप्तं, नणंदेच्या पोराची फी, कुणाचं बारसं. नाही म्हणता येत नाही, मग बाई 'नाहीच आहेत' म्हणते आणि डब्यात ठेवते. पण त्या डब्यात पैसा वाढत नाही. सात वर्षांपूर्वी टाकलेली पाचशेची नोट पाचशेचीच राहते आणि तूरडाळ मात्र राहत नाही.

आता घरातल्या वस्तूंबद्दल. आवडती वस्तू कोणती असं विचारलं की आपण देवळातल्यासारखं उत्तर देतो, सासूबाईंनी दिलेली समई वगैरे. खरी आवडती वस्तू कळायला पूर यावा लागतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा आणि 43 वर धोका, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतली माझी मावशी आमच्याकडं राहायला आली. अर्ध्या तासात घर सोडलेलं. तिच्या बोचक्यात काय होतं? पासबुकं आणि रेशनकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, कुकर, आणि वाकळ. टीव्ही तिथंच राहिला. तिच्या शेजारणीनं घाईत मिक्सरचं भांडं आणलं आणि मिक्सर घरी राहिला. नंतर आठवडाभर ती त्या भांड्यानं पाणी पीत होती.

कुकर का आणला ते मला कळतं. भात, डाळ आणि बटाटे एकावर एक तीन डब्यांत, एकाच गॅसवर, तेही वीस मिनिटांत. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशाला उकळतं आणि तिथंच थांबतं. कुकरात वाफ कोंडली की तेच पाणी एकशे वीसच्या आसपास जातं, म्हणून डाळ लवकर शिजते. पण आपण काय करतो? पहिली शिट्टी झाली तरी गॅस भरभर तसाच. ती शिट्टी म्हणजे तुमचे पैसे वाफेवाटे जातायत. दाब तयार झाल्यावर तो टिकवायला बारीक आच पुरते. आणि कुकर फुसफुसायला लागला की नवा घ्यायला पळू नका. दहांतल्या आठ वेळा रबर कडक झालेलं असतं. ते बदला, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बदलताना त्याच कंपनीचा घ्या, तिथं काटकसर नको. माझा कुकर लेकीच्या बारशाचा आहे. लेक आता पुण्यात नोकरी करते.

वाकळीचं मात्र आता अवघड झालंय. आमच्या सासूबाईंच्या वेळी नऊवारी सुती लुगडं विरलं की त्याचे थर घालून वाकळ व्हायची. कडेनं धावदोरा सुरू करायचा आणि फिरत फिरत मध्ये यायचं. आता आपल्या साड्या सिंथेटिक. त्यांची वाकळ शिवून बघितली मी. थंडीत रात्री तीनदा अंगावरून घसरून खाली पडली आणि अंगाला वीज चिकटल्यासारखं चटचट करत होती. म्हणजे जुन्यातून नवं करायचं तर आधी जुनं चांगलं असावं लागतं, हे बाजारात साडी घेताना कुणाच्या डोक्यात येत नाही.

चटणीचा हिशेब मी एका वर्षी मनापासून केला, तो तुम्हाला सांगते, कारण त्यात मी खोटी ठरले. एप्रिल-मे आला की आपल्याकडं घरोघरी मिरच्या. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. देठं काढायची, कडक उन्हात वाळवायच्या, धने-तीळ-खोबरं भाजायचं, खडा मसाला तेलात परतायचा, कांदा-लसूण तळायचा, मग डंकावर, म्हणजे मिरची कांडायच्या गिरणीत, नंबर लावायचा. डंकावर शिंकून शिंकून जीव जातो, आणि आपला डबा सोडून पाणी प्यायलाही जायचं नाही, कारण मिरच्या अदलाबदल होतात. घरी आणून बरणीत दाबून भरायची, मध्ये हिंगाचे खडे. मी प्रत्येक वस्तूची किंमत लिहिली, डंकाचा दर लिहिला, गॅस धरला. विकतच्या चटणीपेक्षा स्वस्त पडली. मग माझ्या लेकीनं विचारलं, "आई, तुझे चार दिवस कुठं लिहिलेस?" चार दिवसांची एका बाईची मजुरी धरली आणि सगळा फायदा गेला. तरी मी दरवर्षी करते. चव आपली आणि मुसळधार पावसात चटणीसाठी दुकानात पळायला नको. पण ती बचत आहे असं मी आता म्हणत नाही.

लेकीचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. 'तुझे कुठं लिहिलेस?' मी पिग्मीच्या वहीत रोज शंभर बायकांचे आकडे लिहिले आणि आईचा आकडा कुठंच नाही. आपण बचत म्हणतो त्यातली निम्मी बचत आईच्या अंगावर काढलेली असते. शिळी भाकरी आई खाणार. चप्पलचा अंगठा तुटला की सेफ्टी पिन आई लावणार. चष्म्याचा नंबर बदलला तर 'दिसतंय की अजून'. मी स्वतः केलंय. दाढ दुखत होती. दाताच्या डॉक्टरांनी फिलिंगचे सहाशे सांगितले. तेव्हा धाकट्याची कॉलेजची फी होती. म्हटलं, लवंग धरीन. दोन वर्षं लवंग धरली. मग रूट कॅनल आणि कॅप मिळून साडेसात हजार गेले आणि तीन रात्री झोप नाही ती वेगळीच. सहाशे वाचवलेल्या बाईला कुणी हिशेबनीस म्हणेल का?

विजेचं थोडक्यात सांगते. दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट. शंभर युनिटांच्या वर गेलं की वरच्या युनिटांचा दर एकदम चढतो, म्हणून त्या शंभराच्या आसपास असणाऱ्या घरानं गीझरवर डोळा ठेवावा. पूर्वी तांब्याचा बंब होता. लाकूडफाटा, धूर आणि मागल्या दारी जागा लागायची. फ्लॅटमध्ये बंब बाल्कनीत ठेवून त्यात मनीप्लांट लावलेला मी बघितलाय. असो.

आता अवघड भाग. ज्या पतसंस्थेची पिग्मी मी शेवटची पाच वर्षं गोळा केली, तिचं शटर एके दिवशी उघडलं नाही. नाव घेत नाही. त्या दिवशी बायका संचालकांच्या बंगल्यावर गेल्या नाहीत. माझ्या दारात आल्या. बरोबरच होतं, त्यांनी पैसे माझ्या हातात दिले होते. एक भाजीवाली आजी नुसती पायरीवर बसून राहिली. काही बोलली नाही. जाताना म्हणाली, "तुझा काय दोष न्हाई, पोरी," आणि ते मला शिव्यांपेक्षा जड गेलं. निम्मे पैसे दोन वर्षांनी मिळाले, उरलेले अजून नाहीत.

तेव्हा मला जे माहीत नव्हतं ते तुम्हाला सांगते. बँकेतल्या ठेवीला विमा असतो. 2020 पासून तो एका माणसाला एका बँकेत पाच लाखांपर्यंत आहे, त्याआधी एक लाख होता. सहकारी बँकेलाही तो लागू आहे. पतसंस्थेला नाही. पाटीवर दोन्हीकडं 'सहकारी' असतं, दोन्हीकडं गणपतीचा फोटो असतो, दोन्हीकडं मॅनेजर 'या वहिनी' म्हणतो. म्हणून विचारा, "ही बँक आहे का पतसंस्था?" लाजू नका. मी एजंट असून विचारलं नव्हतं.

भिशी मी मोडा म्हणणार नाही. बारा जणी, दोन हजार, महिन्याला चोवीस हजार एकीला. जिची चिठ्ठी पहिली निघते तिला बिनव्याजी कर्ज मिळतं, जिची शेवटी निघते तिची बिनव्याजी ठेव होते. एवढं कळून खेळा. भिशी ओळखीच्या बाराजणींतच ठेवा, चाळिसांची झाली की त्यात न ओळखणारी कुणीतरी असते.

आणि पोस्ट. महिना शंभर रुपयांपासून आवर्ती ठेव, पाच वर्षं. सुकन्या समृद्धी तुम्हाला माहीत आहे, मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत खातं, वर्षाला किमान अडीचशे. ते चांगलंच आहे. पण मी या गल्लीत विचारत फिरले, तर मुलीच्या नावानं सुकन्या आहे, पोराच्या नावानं एफडी आहे, घर यांच्या नावावर, गाडी यांच्या नावावर. वहिनी, तुमच्या नावावर काय? तर हसतात. लाडकी बहीण आली तेव्हा दीड हजारांसाठी का होईना, कितीतरी जणींनी स्वतःचं खातं पहिल्यांदा उघडलं. तेच खातं आता वापरा. तुरीच्या डब्यातले पैसे तिथं न्या. ते पासबुक मात्र डब्यात ठेवलं तरी चालेल.

प्रश्न आहे का कुणाचा? ... हां, मागच्या वहिनी विचारतायत, "नवऱ्याला सांगायचं का?"

हा प्रश्न मला एकोणीस वर्षं विचारतायत. वहिनी, दहा वर्षं हात न लागलेल्या खात्यातले पैसे बँक रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करते. ते परत मागता येतात, पण मागायला कुणाला तरी माहीत तर पाहिजे! तेव्हा फॉर्मवर नॉमिनीचा रकाना रिकामा सोडू नका. त्यात यांचं नाव घाला, किंवा लेकीचं घाला. आणि सांगायचं कधी, ते तुम्ही ठरवा. त्या काकूंनी मात्र नोटाबंदीनंतर पोस्टात खातं काढलं आणि नॉमिनी म्हणून काकांचंच नाव घातलं. सही करताना मला हळूच म्हणाल्या, "पासबुक कुठं ठिवलंय ते न्हाई सांगितलं अजून."