उठलेल्या प्रभूचे हात

श्रोतेहो, नमस्कार.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन या वेळात सांगली-मिरजेच्या चर्चमध्ये गेलात तर बसायला जागा मिळणं कठीण. वधस्तंभावर असताना येशूनं काढलेल्या सात उद्गारांवर एकेक जण बोलतो, मध्ये गीतं होतात. बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत असतं, पण तीन वाजेपर्यंत कुणी जागचं हलत नाही. शनिवार गप्प जातो. आणि रविवारी झुंजुमुंजू व्हायच्या आत पांढऱ्या साड्या नेसून, मेणबत्त्या घेऊन माणसं निघतात. काही मंडळ्या, म्हणजे एकेका चर्चची माणसं, थेट दफनभूमीतच जमतात. तिथलं गवत आधीच काढलेलं असतं, घरच्यांनी आपापल्या माणसांची थडगी धुऊन त्यांवर फुलं ठेवलेली असतात. पाळकसाहेब म्हणतात, “प्रभू उठला आहे!” आणि सगळे एका आवाजात उत्तर देतात, “खरोखर उठला आहे!” हा ईस्टर, येशू मरणातून पुन्हा उठला त्याचा, म्हणजे पुनरुत्थानाचा सण. नाताळ मोठा दिसतो, पण आमच्या विश्वासाचा पाया हा दिवस आहे.

याची तारीख दरवर्षी बदलते, त्यामुळे शेजारीपाजारी हमखास विचारतात, “यंदा कधी?” हिशेब असा : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्यानंतरचा रविवार घ्यायचा. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो. येशूला वधस्तंभावर दिलं ते यहुदी लोकांच्या वल्हांडण सणात, आणि तो सणही चंद्रावरच चालतो. चंद्र बघून सण करणं आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. कित्येक वर्षी हनुमान जयंतीची पौर्णिमा तीच ईस्टरच्या आधीची पौर्णिमा असते.

आता मुख्य गोष्ट. उघडी कबर, बाजूला लोटलेली धोंड, सुगंधी द्रव्यं घेऊन आलेल्या स्त्रिया, यांवर प्रवचनं पुष्कळ होतात. मला बोलायचंय ते त्याच दिवसाच्या संध्याकाळविषयी. शिष्य भीतीनं दारं लावून बसले होते. येशू त्यांच्यामध्ये येऊन उभा राहिला, “तुम्हांस शांती असो” म्हणाला, आणि त्यानं त्यांना आपले हात आणि आपली कूस, म्हणजे बरगडीची बाजू, दाखवली. हातांत खिळ्यांचे व्रण तसेच होते. थोमा नावाचा शिष्य त्या वेळी तिथं नव्हता. तो म्हणाला, मी ते व्रण पाहीन, त्यांत बोट घालीन, तरच मानीन. आठ दिवसांनी येशू पुन्हा आला आणि त्यानं थोमापुढे हात धरले.

थोमाला “संशयी” म्हणून नावं ठेवायची पद्धत पडली आहे. मला ती मुळीच पटत नाही. इतरांना जे आधी पाहायला मिळालं, तेच त्यानं मागितलं. आणि मागितलं काय? चेहरा नाही, आवाज नाही. व्रण. दुःख सोसलेला आपला गुरू त्याला हवा होता, दुसरा कुणी तेजस्वी पुरुष नको होता. ज्या देवानं मरणातून उठवलं, त्याला दोन हातांवरच्या खुणा पुसणं काय जड होतं? पण त्या राहू दिल्या. मी या सणाचा अर्थ इथं शोधते. ईस्टरनं शुक्रवार खोडून टाकला नाही.

हे कळायला मिरजेसारखी जागा नाही. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, ते सगळ्यांना माहीत आहे. इथल्याच रिचर्डसन कुष्ठरुग्णालयाचं नाव मात्र कमी घेतलं जातं. कुष्ठरोगात जंतू मज्जातंतूंवर घाला घालतात आणि हाता-पायांची जाणीव जाते. चुलीवरचा तवा उचलताना चटका बसला तरी बाईला कळत नाही. फोड डोळ्यांनी दिसतो तेव्हा समजतं. म्हणून अशा माणसाला शिकवतात की रोज संध्याकाळी हात-पाय नीट बघायचे, पाण्यात भिजवायचे, वर तेल लावायचं. १९८१ पासून बहुविध औषधोपचार आला. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की जंतू मरतात, रोग पसरत नाही, माणूस बरा होतो. पण गेलेली जाणीव बहुतेक वेळा परत येत नाही, वाकडी झालेली बोटं आपोआप सरळ होत नाहीत. डॉक्टर कागदावर “बरा” लिहितात आणि गाव बोटांकडे बघून कप वेगळा ठेवतं.

आता सांगा, ज्याच्या हातांवर खिळ्यांचे वण आहेत त्याला प्रभू म्हणणाऱ्यांनी कुणाच्या वाकड्या बोटांना भ्यावं? अशा माणसाच्या ताटापासून लांब बसणारा, मग तो दर रविवारी चर्चला का येईना, त्यानं ईस्टरची उपासना केली असं मी म्हणणार नाही.

अंगावर न दिसणाऱ्या जखमांचंही तेच. २०२० चा ईस्टर १२ एप्रिलला आला, टाळेबंदीत. चर्चला कुलूप, लोकांनी घरात मोबाइलवर उपासना केली. त्या साथीत कितीतरी घरांना आपल्या माणसाचं शेवटचं तोंडसुद्धा बघता आलं नाही. ती घरं आज पहाटे थडग्याजवळ उभी असतात. त्यांच्याजवळ जाऊन कुणी म्हणतं, “आज सणाचा दिवस, रडू नका.” कृपा करून असं म्हणू नये. पहिल्या ईस्टरला येशूची शिष्या मग्दालीया मरीया कबरेपाशी रडतच होती. “बाई, का रडतेस? कोणाला शोधतेस?” एवढंच येशूनं विचारलं, डोळे पूस असं काही म्हटलं नाही. नंतर तिला नावानं हाक मारली, आणि त्या हाकेनं तिनं त्याला ओळखलं.

ईस्टर एका दिवसात संपत नाही. पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, पन्नास दिवस हा काळ चालतो. या दिवसांत पाळक आणि मंडळीतली माणसं अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी प्रभुभोजन घेऊन जातात. सोबत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस असतो. आपला हा तर द्राक्ष-बेदाण्याचा मुलूख, त्यामुळे रस कित्येकदा घरीच बेदाणे भिजवून केलेला. ज्यांची बोटं मिटत नाहीत त्यांच्या तळहातावर तुकडा ठेवून खालून आपला हात धरावा लागतो. तुमच्या मंडळीत अशा भेटींना जाणारी माणसं कमी पडत असतील, तर या आठवड्यात पाळकांना नाव देऊन ठेवा. आणि जे ख्रिस्ती नाहीत, पण अशा घराच्या शेजारी राहतात, त्यांनीही खुशाल आत यावं. दार उघडंच असतं.

सगळ्यांना ईस्टरच्या शुभेच्छा. नमस्कार.