आखाजीची गाणी आणि थकलेला कॅमेरा

[दृश्य: भुसावळ, दुपार. दुरुस्तीच्या टेबलावर उघडलेला हाय-एट, म्हणजे ८ मिलिमीटर फितीचा जुना व्हिडिओ कॅमेरा.]

भुसावळात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. असे कितीतरी उन्हाळे खानदेशातल्या व्हिडिओ कॅसेटींनी पत्र्याखालच्या माळ्यावर, लोखंडी पेटीत काढले आहेत. नव्वदच्या दशकातली लग्नं, श्रावणातला कानबाईचा उत्सव, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकींचे झोके आणि त्या झोक्यांवरची अहिराणी गाणी, सगळं त्यांच्यात आहे. गाणाऱ्या कित्येक जणी आता नाहीत. पुष्कळ गाणी कुणी लिहूनही ठेवली नाहीत. ती राहिलीत या ८ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर, आणि ती फीत वाजवणारा कॅमेरा आज नवा मिळत नाही.

[दृश्य: छोट्या पडद्यावर मुंग्या.]

"भाऊ, कॅसेट चांगली शे, मशीन थकनं," कारागीर म्हणतात.

आतला ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो. फितीवर चित्र नोंदवणारे आणि वाचणारे हेड त्यावरच असतात, त्यांची फट केसाहून कितीतरी बारीक असते. तिच्यात जराशी घाण बसली की चित्र गेलंच. व्हीएचएसमध्ये साधा आवाज फितीच्या कडेला वेगळा नोंदवलेला असतो, म्हणून चित्र बिघडलं तरी गाणं बहुधा ऐकू येतं. हाय-एटमध्ये मात्र आवाजही याच ड्रमवरचे हेड चित्राबरोबर नोंदवतात. हेड गेला की गाणंही गेलं. म्हणून आमच्या लेखी या कॅमेऱ्याची दुरुस्ती आधी.

[दृश्य: ड्रम, अगदी जवळून.]

मऊ चामड्याची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवायची, ड्रमला हलकेच टेकवून धरायची आणि फिरवायचा तो ड्रम. पट्टी वर-खाली घासली तर हेड तुटतो. कापूस तर लावायचाच नाही, त्याचे तंतू अडकतात. मग फीत दाबून पुढे ओढणारा रबराचा पिंच रोलर. वर्षानुवर्षांनी तो कडक, गुळगुळीत होतो. फितीवरची पकड सुटते आणि कॅमेरा फीत खातो.

इथे दोन्ही साफ केलं, तरी मुंग्या तशाच. दोष सर्किट बोर्डावर होता. त्या काळातल्या अनेक कॅमेऱ्यांतले, वीज साठवणारे छोटे कपॅसिटर आतून गळतात आणि त्यांचं द्रव्य बोर्डावरचे तांब्याचे धागे खातं. सोल्डरिंग आयर्न टेकवताच माशासारखा वास सुटला. गळतीची ही पक्की खूण. जुने कपॅसिटर काढायचे, बोर्ड धुवायचा, नवे बसवायचे. नजर आणि हात, दोन्ही शाबूत लागतात.

हेडच झिजला असेल, तर त्याच मॉडेलचा दुसरा बंद कॅमेरा सुट्या भागांसाठी शोधावा, नाहीतर सरळ बदली यंत्र घ्यावं. सोनीनं १९९९ साली आणलेल्या, तशाच फितीवर डिजिटल चित्रण करणाऱ्या डिजिटल-एट कॅमेऱ्यांपैकी बऱ्याच मॉडेलांवर जुन्या व्हिडिओ-एट (हाय-एटच्या आधीचा प्रकार) आणि हाय-एट कॅसेटी चालतात, आणि फायरवायर या केबलनं चित्र थेट संगणकात उतरतं. सगळ्या मॉडेलांवर नाही, म्हणून पैसे देण्याआधी आपल्याजवळची एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट लावून बघाच. तरीही, ज्या कॅमेऱ्यानं चित्रण केलं तोच दुरुस्त होत असेल तर तो करावा असं आम्हाला वाटतं. त्याची मांडणी मुळातच थोडी सरकलेली असेल, तर त्यावरची कॅसेट त्याच्यातच सगळ्यात नीट चालते.

[दृश्य: पिवळी, पांढरी, लाल वायर संगणकाला जोडताना.]

फितीच्या कडेला पांढरट बुरशी दिसली तर कॅसेट आत घालू नका. ती हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटींवर जाते. फीत स्वच्छ असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्या, मगच कॉपी सुरू करा. तासाभराच्या कॅसेटला तासभरच लागतो. त्यात घाई करता येत नाही.

[दृश्य: पडद्यावर झोका, बायकांचं गाणं.]

चित्र आलं. आवाजही आला. आता कॉपी दोन ठिकाणी ठेवायची, एक जळगावला आणि एक धुळ्याला नातेवाइकांकडे. त्याआधी घरातल्या आत्या-मावश्यांना एकत्र बसवून हे चित्रण दाखवायचं. झोक्यावर कोण, पुढचं कडवं कुणी उचललं, हे त्याच सांगू शकतात. ती नावं फाईलबरोबर आजच लिहून ठेवा.