चतुराचे पंख, माणसाचं अंग

(पडद्यावर: एक चित्र, कॅमेरा अगदी जवळ)

आधी वाटतं, हा कीटक आहे. मग नजर सरावते आणि लक्षात येतं, अंग तर माणसाचं आहे! या चित्रमालिकेचं नाव 'वाचन'. चित्रकार, ली शान.

जन्म १९४२ चा, ईशान्य चीनमधल्या हेलोंगच्यांग प्रांतातला. शिक्षण शांघायच्या नाट्य अकादमीत. फेब्रुवारी १९८९ मध्ये बीजिंगच्या राष्ट्रीय कलादालनात बंडखोर चित्रकारांचं गाजलेलं प्रदर्शन भरलं. तिथे या गृहस्थांनी काय करावं? बसून चक्क पाय धुतले. टबात अमेरिकेचे माजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचा चेहरा छापलेला होता!

नाव झालं ते मात्र 'रूज' मालिकेमुळे. गुलाबी छटेतले तरुण माओ, ओठांत फूल. १९९३ मध्ये ही चित्रं 'व्हेनिस बिएनाले' या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनापर्यंत पोहोचली. दुसरा कुणी जन्मभर तेच माओ रंगवत बसला असता. ली शान यांनी त्याच दशकात जीवशास्त्राकडे मोर्चा वळवला.

चिनी चित्रकलेत 'वारसा' म्हटलं, की झांग श्याओगांग यांची 'रक्तरेषा' मालिका आठवते. फोटो स्टुडिओत बसल्यासारखी कुटुंबं, एकसारखे चेहरे, त्यांना जोडणारी बारीक लाल रेघ. पण ते रक्त नात्यागोत्याचं. ली शान यांचा रोख थेट पेशीतल्या जनुकांवर आहे. कीटक आणि माणूस एकाच लिपीत लिहिलेले असतील, तर मजकूर सरमिसळ का करू नये?

(पडद्यावर: फळमाशी, सूक्ष्मदर्शकातून)

त्याच काळात, १९९५ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्रयोगशाळेत ही सरमिसळ झालीसुद्धा. वॉल्टर गेरिंग यांच्या चमूने डोळा घडवणारं उंदराचं जनुक फळमाशीच्या शरीरात भलत्याच ठिकाणी चालू केलं. तिथे डोळे उगवले. पण उंदराचे नव्हे, माशीचेच, शेकडो नेत्रिकांचे, म्हणजे इवल्या इवल्या भिंगांचे. जनुकाने फक्त हुकूम दिला, 'डोळा कर'. कसा करायचा, ते माशीच्या शरीराने ठरवलं.

इथेच ली शान यांच्या चित्रांची खरी अडचण आहे, आमच्या मते तरी. त्यांच्या कॅनव्हासवर माणसाचं अंग जसंच्या तसं कीटकाला जोडलेलं दिसतं. जीवशास्त्र असं ठिगळ लावत नाही. तरीही चित्र अंगावर येतं, कारण ते विज्ञानाची आकृती म्हणून नव्हे, प्रस्ताव म्हणून काढलेलं आहे.

हा माणूस कॅनव्हासवर थांबला नाही. २००७ मध्ये एका कृषिशास्त्रज्ञाच्या साथीने त्यांनी भोपळ्यांवर काम केलं. वेड्यावाकड्या आकारांचे ते खरेखुरे भोपळेच कलाकृती म्हणून मांडले. २०१७ मध्ये शांघायच्या पॉवर स्टेशन ऑफ आर्टमध्ये, म्हणजे एका जुन्या वीजकेंद्राच्या इमारतीत, त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. तिथे चतुराचे पंख लावलेली माणसं छताला टांगली होती.

पुढच्याच वर्षी जनुकांची ही फिरवाफिरव कलादालनाबाहेर, खऱ्या माणसांत झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनमधल्या शेंझेनचे शास्त्रज्ञ 'हे ज्यान्कुई' ('हे' हे आडनाव) यांनी जाहीर केलं, की भ्रूणावस्थेतच जनुकं बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्या आहेत. एचआयव्हीची लागण होऊ नये, हा हेतू. जगभर गदारोळ उठला, डिसेंबर २०१९ मध्ये त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. काही माणसांत निसर्गतः आढळणारा जो बदल त्यांना हवा होता, तो त्या मुलींच्या जनुकात हुबेहूब उतरलाच नव्हता. झाले ते भलतेच बदल, यापूर्वी कधीच न तपासलेले.